हुकूमशाहीचा उदय आणि महायुद्धाची वाट : जर्मनीचा धडा

हुकूमशहा शस्त्रबळाने सत्ता बळकावतो, असा सर्वसाधारण समज आहे. जर्मनीचा १९३० ते १९३९ या काळातील इतिहास हा समज खोटा ठरवितो. तेथे हुकूमशाही आली ती घटनेच्याच दारातून; लोकांनी व त्यांच्या प्रतिनिधींनी आपले अधिकार एकामागून एक सोडून दिले म्हणून. ती महायुद्धापर्यंत का पोहोचली, याचेही उत्तर याच प्रक्रियेत दडलेले आहे. प्रस्तुत लेखात आम्ही या दोहोंचा संबंध उलगडून दाखविणार आहोत.

व्हर्सायच्या तहाचा अपमान आणि १९२३ च्या चलनफुगवट्यात बुडालेली मध्यमवर्गाची बचत ही हिटलरच्या उदयाची कारणे म्हणून नेहमी सांगितली जातात. ती खरी आहेत. परंतु पुरेशी नाहीत. तह १९१९ मध्ये झाला, तरी १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला अवघ्या १२ जागा मिळाल्या होत्या. १९२९ मध्ये जागतिक मंदी आली, बेकारांची संख्या वाढत जाऊन सुमारे ६० लाखांवर गेली, आणि जुना अपमान नव्या भुकेशी जोडला गेला. सप्टेंबर १९३० मध्ये त्याच पक्षाला १०७, तर जुलै १९३२ मध्ये २३० जागा मिळाल्या. आपल्या दुःखाचे कारण ज्यू आहेत, साम्यवादी आहेत, लोकशाही आहे, हे सोपे उत्तर भयग्रस्त समाजाने स्वीकारले.

मात्र संसद याआधीच दुर्बल झाली होती. वायमार घटनेच्या ४८ व्या अनुच्छेदाने राष्ट्राध्यक्षांना आणीबाणीत वटहुकूम काढण्याचा अधिकार दिला होता. १९३० पासून बहुमत नसलेली मंत्रिमंडळे याच अधिकाराच्या आधारे कारभार करू लागली. अपवाद म्हणून केलेली तरतूद नित्याची झाली, आणि संसदेवाचून राज्य चालते याची जनतेला सवय जडली.

नोव्हेंबर १९३२ मध्ये नाझी पक्षाच्या जागा १९६ पर्यंत घसरल्या होत्या. मुक्त निवडणुकीत त्याला कधीही बहुमत मिळाले नाही. तरीही ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरची चान्सेलरपदी नियुक्ती केली. मंत्रिमंडळात हिटलरसह केवळ तिघे नाझी होते. त्यामुळे त्याला आपण लगाम घालू, अशी फॉन पापेन व त्यांच्या सहकाऱ्यांची खात्री होती. ती काही आठवड्यांतच फोल ठरली. २७ फेब्रुवारीस संसदभवनाला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी एका वटहुकुमाने भाषण, सभा व वृत्तपत्रे यांचे स्वातंत्र्य गोठविण्यात आले. २३ मार्च रोजी क्रोल ऑपेरागृहात भरलेल्या संसदेने, संसदेवाचून कायदे करण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत केला. साम्यवादी सदस्य तुरुंगात, भूमिगत वा परागंदा होते. सभागृहात नाझी स्वयंसेवकांचा पहारा असतानाही ओटो वेल्स यांनी विरोधाचे भाषण केले, आणि त्यांच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या उपस्थित सदस्यांनीच काय ती विरोधात मते दिली. मे महिन्यात कामगार संघटना मोडण्यात आल्या. १४ जुलै रोजी नाझी पक्षाखेरीज अन्य पक्ष बेकायदा ठरले. ऑगस्ट १९३४ मध्ये हिंडेनबुर्ग यांच्या मृत्यूनंतर सैनिकांनी शपथ घेतली ती घटनेची नव्हे, तर हिटलर या व्यक्तीची.

आता प्रश्न असा की, ही राजवट युद्धाकडेच का वळली? पहिले कारण असे की, तिचे ध्येयच पूर्वेकडील भूमी जिंकण्याचे होते आणि तिने अर्थव्यवस्था त्याच ध्येयाला जुंपली. कारखाने शस्त्रनिर्मितीत गुंतले, बेकारी हटली; परंतु परकीय चलन व कच्चा माल यांची टंचाई वाढत गेली. ऑगस्ट १९३६ च्या गुप्त टिपणात हिटलरने चार वर्षांत सैन्य व अर्थव्यवस्था युद्धसज्ज करण्याचे फर्मान काढले. शस्त्रांसाठी टंचाई सोसायची आणि ती भागविण्यासाठी परमुलूख जिंकायचा, असे हे चक्र होते.

दुसरे कारण आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. ‘नाही’ म्हणू शकणारे कोणीही उरले नव्हते. वाढत्या खर्चाचा धोका दाखविणारे शाख्त जानेवारी १९३९ मध्ये मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षपदावरून दूर झाले. युद्धास विरोध करणारे लष्कराच्या जनरल स्टाफचे प्रमुख बेक यांना ऑगस्ट १९३८ मध्ये राजीनामा द्यावा लागला. मंत्रिमंडळाची बैठक फेब्रुवारी १९३८ नंतर पुन्हा झालीच नाही. बाहेरूनही वेळीच अटकाव झाला नाही. १९३६ मध्ये ऱ्हाइनलँड, मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया, आणि त्याच वर्षी म्युनिक करारान्वये चेकोस्लोव्हाकियाचा सीमाप्रदेश युद्धाविना हाती आला. प्रत्येक यशाने नेत्याच्या अचूकपणाची अंधश्रद्धा दृढ केली. १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवर आक्रमण सुरू झाल्यानंतर संसद त्याच क्रोल ऑपेरागृहात भरली. मात्र युद्ध करावे की नाही हे ठरविण्यासाठी नव्हे, केलेला निर्णय ऐकून टाळ्या वाजविण्यासाठी. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले गेले तेही तसेच. या महायुद्धात ६ कोटींहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. सुमारे ६० लाख ज्यूंचा पद्धतशीर संहार करण्यात आला.

तात्पर्य, घरातील विरोधाचा आवाज बंद करणे आणि सीमेपलीकडे युद्ध पेटविणे या दोन वेगळ्या घटना नव्हेत; पहिली दुसरीची पूर्वतयारी असते. महायुद्ध संपून चार वर्षे झाली असता, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत भारतीयांना इशारा दिला की, राजकारणातील भक्ती व विभूतिपूजा हा अधोगतीचा आणि अंती हुकूमशाहीचा मार्ग आहे. जर्मनीच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे त्या इशाऱ्याचे गांभीर्य ध्यानी येते. अधिकार सोडून देणे सोपे असते. ते परत मिळविण्यासाठी जर्मन जनतेला, आणि तिच्याबरोबर जगाला, बारा वर्षे व कोट्यवधी प्राण मोजावे लागले. म्हणून पहिला वटहुकूम निघतो तेव्हाच नागरिकांनी जागे असले पाहिजे.