वयच झालंय, हे निदान नव्हे

सव्वासात. मेडिसिन वॉर्डात रात्रपाळीच्या सिस्टर हँडओव्हर देतात, तेव्हा बी.एस्सी. नर्सिंगची माझी मुलं-मुली वह्या घेऊन मागे उभी असतात. तापाचे, सलाइनचे आकडे ती बिनचूक टिपून घेतात. मग मी विचारते, "आज कोण नेहमीसारखं नाही?" या प्रश्नाचं उत्तर चार्टवर सापडत नाही. त्यासाठी कॉटपाशी जाऊन बसावं लागतं.

आज ते उत्तर खिडकीजवळच्या कॉटवर होतं. वय ब्याऐंशी, निवृत्त एसटी कंडक्टर, खोकल्यासाठी दाखल. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, 'शांत झोपले आहेत.' सून म्हणाली, "परवापर्यंत पेपर मागत होते, मॅडम. कालपासून नीट डोळे उघडत नाहीत. वयच झालंय ना आता."

हेच वाक्य मी नोकरीला लागले त्या दिवसापासून ऐकते आहे, आणि त्याच्याशीच माझं भांडण आहे. वय दोन दिवसांत वाढत नाही. माणूस अचानक बदलला, तर त्याला कारण असतं. आरडाओरडा करणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. डेलिरियममध्ये, म्हणजे आजारपणात एकाएकी येणाऱ्या मानसिक गोंधळात, गप्प पडून राहिलेला मात्र निसटतो, कारण तो कोणाला त्रास देत नाही.

आठ वाजता एका विद्यार्थिनीने त्यांना आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. शनिवारवरच ते हरवले. लक्ष टिकत नव्हतं, बोलणं तुटक, आणि सकाळपासून स्थिती कमी-जास्त होत होती. डेलिरियम ओळखण्यासाठी डॉ. शॅरन इनूये यांनी १९९० साली मांडलेली तपासणीची पद्धत नेमकं हेच बघायला सांगते. पोटाला हात लावल्यावर बेंबीखाली घट्ट फुगवटा लागला. लघवी तुंबली होती. सुनेच्या पिशवीत दुकानातून आणलेल्या सर्दीच्या गोळ्या सापडल्या. त्यातल्या क्लोरफेनिरामाइनने नाक सुकतं, पण म्हाताऱ्या माणसाची लघवी अडू शकते आणि डोकंही गोंधळू शकतं. डॉक्टरांना बोलावलं, कॅथेटर घातला, गोळ्या बंद झाल्या. गोंधळ निवळायला काही दिवस लागतील, हे सुनेला त्या विद्यार्थिनीनेच समजावून सांगितलं. चष्मा आणि कानाचं मशीन 'हरवेल म्हणून' घरी ठेवलं होतं. तेही मागवून घेतलं. दिसत नाही, ऐकू येत नाही, अशा माणसाने भानावर यायचं तरी कशाच्या आधाराने?

साडेनऊला पाठी बघायच्या. हे काम मी कधीच दुसऱ्यावर सोपवत नाही. माकडहाड, खुबे, टाचा. लाल झालेल्या जागी बोटाने दाबून लाली जाते का ते पाहायचं, आणि सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून ऊब आणि कडकपणा हाताने तपासायचा. आपल्याकडे पाठीला स्पिरिट-पावडर चोळण्याची जुनी रीत आहे. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने सहकाऱ्यांबरोबर केलेला रुग्णालयातल्या वृद्धांचा अभ्यास १९६२ साली प्रसिद्ध झाला. पडून-पडून होणारी जखम टाळायची तर कातडीवरचा दाब काढायला हवा, वारंवार कूस बदलायला हवी, हे त्यातून पुढे आलं. अजूनही नातेवाइकांच्या हातात पावडरचा डबा दिसतो. तो मी बाजूला ठेवते आणि कूस कशी बदलायची ते दाखवते. ओढायचं नाही, चादरीसकट उचलून सरकवायचं.

साडेअकराला वर्ग. मी शिकले तेव्हा वार्धक्य हे मेडिकल-सर्जिकलच्या पुस्तकातलं एक प्रकरण होतं, परीक्षेला ऑप्शनला टाकण्यासारखं. २०११च्या जनगणनेतच साठी ओलांडलेले लोक दहा कोटींच्या वर होते. आज इंडियन नर्सिंग कौन्सिलचा जेरिअॅट्रिक नर्सिंगचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे, पण त्याकडे वळणाऱ्या मुली फार थोड्या. आयसीयूला मान आहे, म्हाताऱ्यांच्या कॉटला नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि मी ते वर्गात स्पष्ट बोलते.

जेवण होतं कसंबसं.

दोनला घरभेटी, सदाशिव पेठेत. मुलं परदेशी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. अशी घरं इथे गल्लोगल्ली. आज गेलो तिथल्या काकू पहाटे बाथरूमला जाताना पडल्या होत्या. "वयामुळे तोल जातो हो," काका म्हणाले. झोपलेलं असताना बीपी घेतलं, मग उभं केल्यावर एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा वीसपेक्षा जास्त उतरला. पुन्हा रात्री उठावं लागू नये म्हणून काकू संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हत्या, आणि लघवीची गोळी झोपताना घेत होत्या. गोळीची वेळ बदलायची का, हे डॉक्टरांनी ठरवायचं. त्यांना चिठ्ठी लिहिली. उठण्याआधी काठावर दोन मिनिटं बसायचं, पलंगापासून दारापर्यंत रात्रीचा दिवा लावायचा, सुटी पायपुसणी काढायची, हे माझ्या विद्यार्थ्यांनी तिथेच सांगून, करून दिलं.

साडेचारला प्रबंधाचं मार्गदर्शन. विद्यार्थिनीला वृद्धाश्रमातल्या 'जीवनमानावर' लिहायचं होतं. मी म्हटलं, आधी आठवडाभर तिथे जेवण भरव, कवळी धुवून दे, मग प्रश्नावली कर.

सहाला निघते. फोन मात्र घरीही येतात, बहुतेक मुलींचे आणि सुनांचे. त्यांना सांगते तेच तुम्हालाही सांगते. घरातलं वडीलधारं माणूस एकाएकी गप्प झालं, पडलं, जेवेनासं झालं, तर 'वय झालं' म्हणून थांबू नका. ताप नसला तरी आत न्यूमोनिया असू शकतो. बदल कधीपासून झाला ते तारखेसह लिहा, घरातल्या सगळ्या गोळ्या, दुकानातून आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत घाला आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे. नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा.