ओट्यावरच्या वर्गालाही मिळू शकते ग्रँट

तुमच्या गल्लीत अशी एखादी काकू नक्की असेल. संध्याकाळी घराच्या ओट्यावर घरकाम करणाऱ्या बायकांच्या मुलांना शिकवते. वह्या-पेन्सिलींचा खर्च चार मैत्रिणींच्या वर्गणीतून भागतो. एक मैत्रीण दुसऱ्या गावी गेली, की वर्ग बंद पडायची भीती! मोठ्या कंपन्यांच्या सीएसआर फंडापर्यंत काकूंचा हात पोहोचत नाही. मग त्यांना मदत करणार कोण?

इथेच कम्युनिटी फाउंडेशन उपयोगी पडतं.

शहराची सामायिक गुल्लक

एका शहरातले अनेक लोक आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे देतात. एक ट्रस्ट ते सांभाळतो आणि त्याच भागातल्या छोट्या संस्थांना ग्रँट देतो. ग्रँट म्हणजे कर्ज नव्हे, ती परत करायची नसते. मात्र ज्या कामासाठी मिळाली, त्यावरच खर्च करावी लागते.

ही कल्पना १९१४ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ या बँकरने प्रत्यक्षात आणली. लोक मृत्युपत्रात एखाद्या कामासाठी पैसे ठेवायचे, पण काळ बदलला की ते काम उरायचं नाही आणि पैसे अडकून पडायचे. गॉफ यांनी ठरवलं, की शहराची आजची गरज पाहून पैसे वापरायचे. आपल्याकडे मुंबईत १९९१ मध्ये बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट याच विचाराने सुरू झाला.

आज याची गरज जास्त का?

पूर्वी मोठ्या संस्था परदेशातून आलेल्या देणगीतला काही भाग छोट्या संस्थांना देत असत. २०२० मध्ये एफसीआरए कायदा बदलला आणि असे पैसे दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. त्यामुळे आपल्याच शहरातल्या पैशाचं मोल वाढलंय.

अर्ज करण्यापूर्वी

* संस्थेची नोंदणी, संस्थेच्या नावाचं पॅन कार्ड आणि बँक खातं तयार ठेवा. खर्च कधीही कुणाच्या वैयक्तिक खात्यातून करू नका.
* आयकर विभागाकडे संस्थेची नोंदणी आणि देणगीदारांना करसवलत मिळवून देणारी मान्यता असेल तर दारं लवकर उघडतात.
* प्रत्येक बिल जपा. हिशोबाची वही दर आठवड्याला लिहा, मार्चमध्ये नव्हे.
* ‘मुलांचं भविष्य घडवायचं आहे’ असं मोघम लिहू नका. किती मुलं, आठवड्यातून किती दिवस, कशासाठी किती रुपये, हे स्पष्ट सांगा.
* शिकवणाऱ्या ताईंचं मानधन मागायला लाजू नका. वह्या आल्या, पण शिकवायला कुणी नाही, तर वर्ग चालणार कसा?

नोंदणी नसेल, तर जवळच्या नोंदणीकृत संस्थेशी बोला. तुमचं काम त्यांचा उपक्रम म्हणून चालवता येईल का, ते विचारा.

तुम्ही काय करू शकता?

बहुतेक छोट्या संस्था कामात नाही, कागदपत्रांत मागे पडतात. तुम्हाला एक्सेल येतं? इंग्रजीत अर्ज लिहिता येतो? मग महिन्यातले दोन तास काकूंना द्या. देणगी देणार असाल, तर चेक किंवा यूपीआयने द्या आणि पावती मागा, कारण २,००० रुपयांहून जास्त रोख देणगीवर करसवलत मिळत नाही.

या रविवारी काकूंकडे चहाला जा. जाताना एक कोरी वही न्या. पहिल्या पानावर दोघी मिळून या महिन्याचा हिशोब लिहा. पहिल्या ग्रँटची तयारी तिथूनच सुरू होते.