विमानतळ जवळ, मग घराला भाव का नाही?

कुर्ल्यातील एका वस्तीत पुनर्विकासाची बैठक होती. दर काही मिनिटांनी डोक्यावरून विमान जायचे, बोलणे थांबायचे, मग पुन्हा सुरू व्हायचे. एका काकांनी विचारले, "मॅडम, विमानतळ इतका जवळ, बाजूला टॉवरमध्ये कोटींची घरं. मग आपल्याच जागेला बिल्डर का मिळत नाही?"

या प्रश्नाचे उत्तर तीन गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट जवळीक. विमानतळाबरोबर रस्ते, मेट्रो, हॉटेल, कार्यालये आणि रोजगार येतात, त्यामुळे जमिनीचा भाव चढतो. मरोळ-साकीनाका परिसर हे जुने उदाहरण. नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने 25 डिसेंबर 2025 रोजी सुरू झाली, पण उलवे-पनवेलमधील घरे त्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून विमानतळाच्या नावावर विकली जात होती.

दुसरी गोष्ट आवाज. अमेरिका आणि कॅनडातील 23 विमानतळांवरील अभ्यास एकत्र करून जॉन नेल्सन या अर्थतज्ज्ञाने 2004 मध्ये निष्कर्ष काढला की, अमेरिकेत आवाज एक डेसिबलने वाढला तर घराची किंमत साधारण 0.5 ते 0.6 टक्के घटते. म्हणजे 10 डेसिबलचा फरक असेल तर 60 लाखांच्या घरामागे साधारण 3 ते 3.6 लाख. मुंबईत घरांचीच टंचाई, त्यामुळे माणूस आवाज सोसून घर घेतो. म्हणून हे आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत.

तिसरी गोष्ट उंची, आणि आपल्या वस्त्यांचे भवितव्य बहुतेक इथेच अडते. विमान उतरण्या-चढण्याच्या मार्गाखालील पट्ट्याला आपण फनेल झोन म्हणतो. धावपट्टीच्या टोकापासून ही मर्यादा दर 100 मीटरला साधारण 2 मीटर वर चढते. म्हणजे एक किलोमीटरवर जेमतेम 20 मीटर, फार तर सहा मजले. या पट्ट्याबाहेरही विमानतळाभोवती सुमारे 4 किलोमीटरपर्यंत 45 मीटरची सर्वसाधारण मर्यादा असते. भारतीय विमानतळ प्राधिकरण परवानगीची उंची समुद्रसपाटीपासून मोजते. त्यामुळे टेकडीवरच्या वस्तीला आणखी कमी मजले मिळतात.

आता झोपु योजनेचे गणित पाहा. पात्र रहिवाशाला मिळणारे 300 चौरस फुटांचे घर सहसा मोफत असते, पण त्याचा खर्च बिल्डर वर बांधलेल्या विक्रीच्या घरांतून काढतो. उंचीच मिळाली नाही तर विक्रीची घरे मावत नाहीत. नफा दिसत नाही, म्हणून बिल्डर येत नाही, किंवा येऊन अर्ध्यावर सोडतो. जागेवर न मावणारे क्षेत्र टीडीआर म्हणून दुसरीकडे वापरण्याची तरतूद आहे. पण बहुतेक रहिवाशांना तो शब्दही कोणी समजावून सांगत नाही.

उंचीचा नियम चुकीचा नाही. तो विमानातल्यांच्या आणि खाली राहणाऱ्यांच्याही जिवासाठी आहे. पण सुरक्षा सर्वांची असेल तर तिची किंमत फक्त विमानाखाली राहणाऱ्यांनी का मोजायची? ज्यांनी कधी विमानाचे तिकीट काढले नाही, तेच पत्र्याखाली पिढ्या काढत आहेत. या क्षेत्राची भरपाई हा उपकार नाही, हक्काचा प्रश्न आहे.

म्हणून संमतीपत्रावर अंगठा किंवा सही करण्याआधी बैठकीत चार प्रश्न विचारा. उंचीचे ना हरकत प्रमाणपत्र मिळाले आहे का? त्यात समुद्रसपाटीपासून किती मीटर लिहिले आहेत, आणि आपली जमीन किती उंचीवर आहे? त्यातून प्रत्यक्षात किती मजले निघतात? न मावलेल्या क्षेत्राचा टीडीआर किती, आणि त्यावरच आपली इमारत पूर्ण होणार आहे का?

उत्तरे तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या. त्या काकांनी हे चारही प्रश्न वहीत उतरवून घेतले. पुढच्या बैठकीत ते स्वतः विचारणार आहेत.