पंप पाठीला लावण्याआधी ढालकिडा ओळखा



उसाच्या पानावर किंवा बांधावरच्या चवळीवर ठिपक्यांचा बारीक भुंगा दिसला, की आपल्यापैकी बरेचजण "कीड पडली" म्हणून औषध मारायला निघतात. हा भुंगा बहुतेक वेळा आपला राखणदार असतो. म्हणून त्याची ओळख करून देत आहोत.

पाठ ढालीसारखी फुगीर, म्हणून नाव ढालकिडा. सर्रास दिसणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव चिलोमेनिस सेक्समॅक्युलाटा, म्हणजे सहा डागांचा. आकार मसुराच्या दाण्याएवढा. पाठ पिवळसर नारिंगी ते लालसर, चकचकीत. त्यावर नागमोडी काळे पट्टे आणि मधोमध काळी रेघ. काहींचे पट्टे रुंद, काहींचे अगदी बारीक. पण जात एकच.

हा फक्त घाटावरचा नाही. माळशेज उतरून मुरबाडला किंवा कसारा उतरून शहापूरला जा. भातकापणीनंतर ओलीवर घेतलेल्या वालावर काळा मावा बसला की हाही तिथे हजर. भारतभर तो आहेच, शिवाय श्रीलंका, इंडोनेशिया ते थेट जपानपर्यंत त्याचा वावर आहे. जिथे मावा, तिथे हा.

मादी पानावर पिवळ्या, उभ्या अंड्यांचा पुंजका घालते. अळी काळसर, अंगावर फिकट ठिपके, पाय लांब. दिसायला ओंगळ, म्हणून लोक तीच आधी चिरडतात. पण मावा खाण्यात ती आईबापाला हार जात नाही!

२००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा आला नि राज्यभर पसरला, हे आपण विसरलेलो नाही. तो आटोक्यात आणण्यात मोठा वाटा डिफाच्या अळीचा व मायक्रोमसचा. ढालकिडेही त्या माव्यावर ताव मारत होते. सरसकट फवारणीने माव्याबरोबर हे सगळे मित्रही मरतात. मग मावा झपाट्याने परत वाढतो, आणि त्याला खायला कोणी उरत नाही.

एक सावधगिरी. वांग्यावर दिसणारा, अंगावर बारीक लव असलेला, मळकट तांबूस, अठ्ठावीस ठिपक्यांपर्यंतचा भुंगा याच कुळातला, पण शत्रू. तो पानाचा हिरवा भाग खरवडून नुसती जाळी ठेवतो. चकचकीत तो मित्र, लवदार तो चोर, एवढी खूण ध्यानात ठेवा.

तेव्हा मावा दिसला तर आधी पान उलटून पाहा. ढालकिडे व त्यांच्या अळ्या पुरेशा असतील, तर चार दिवस थांबा आणि पुन्हा पाहा. मावा हटत असेल तर औषधाचा खर्च वाचला, राखणदारही राहिले.