बिघाडातून जन्मलेला स्वर, घरच्या घरी घडणारी पेटी

गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये, वादकाच्या पायाशी ठेवलेली धातूची छोटी पेटी म्हणजे ‘इफेक्ट्स पेडल’. पायाने कळ दाबताच गिटारचा स्वच्छ स्वर खरखरीत, घुमारेदार किंवा प्रतिध्वनीयुक्त होतो. अशी तयार पेडल्स बाजारात विपुल मिळतात. तरीही ती स्वतः जोडून स्वतः रंगविणारे हौशी वादक जगभर आहेत. यात थोडेफार पैसे वाचतात हे खरे. परंतु आपल्या वाद्यसाखळीतील निदान एक दुवा उघडून पाहता, समजून घेता आणि दुरुस्त करता यावा, ही ओढ त्याहून मोठी असते.

या खरखरीत स्वराची कथाच बिघाडापासून सुरू होते. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गीताचे ध्वनिमुद्रण सुरू असताना ध्वनिमिश्रण यंत्राचा एक भाग नादुरुस्त झाला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा स्वर फाटका उमटला. तो तसाच ठेवण्यात आला आणि १९६१ मध्ये गीत गाजले. पुढे ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच परिणाम हेतुपूर्वक साधणारा परिपथ एका सहकाऱ्यासह तयार केला. गिब्सन कंपनीने तो १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणला. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मुळे हा स्वर सर्वदूर पोहोचला.

त्यामागील तत्त्व सोपे आहे. गिटारची तार कंप पावते तेव्हा तिच्याखालच्या चुंबकीय पिकअपमध्ये अत्यल्प विद्युतदाब निर्माण होतो. ट्रान्झिस्टर तो वाढवितो. परंतु नऊ व्होल्टच्या बॅटरीवर तो वाढीला मर्यादा असते. मर्यादेपलीकडे गेलेल्या लहरींचे माथे छाटले जातात आणि छाटलेल्या लहरीत मूळ स्वरासोबत वरचे नवे उपस्वर मिसळतात. तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी लावून तारेला उपस्वरांचा भरणा दिला जातो, हे आपल्या परिचयाचे आहे. तेथे तार घोडीला निसटती घासते, येथे ट्रान्झिस्टर लहर छाटतो. कानाला मिळणारी समृद्धी मात्र एकाच कुळातील आहे.

नवशिक्यासाठी उत्तम नमुना म्हणजे १९६६ मध्ये लंडनमध्ये विक्रीस आलेले ‘फझ फेस’. जिमी हेंड्रिक्स यांच्यामुळे ते विशेष प्रसिद्ध झाले. त्याच्या परिपथात दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि फिरविण्याची दोन नियंत्रणे, एवढेच भाग आहेत. मूळ पेडलमधील ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते. त्यांचा स्वर मऊ असतो. पण तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांतील गळतीचा प्रवाह साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात उघड्या मंचावर असे पेडल बेसूर वागू लागले तर नवल नाही. आपल्या हवेसाठी बीसी १०८ किंवा बीसी ५४७ यांसारखे सिलिकॉन ट्रान्झिस्टर अधिक भरवशाचे. त्यांचा स्वर तुलनेने तीक्ष्ण असतो. जुन्या पीएनपी जर्मेनियम नकाशावरून हे एनपीएन ट्रान्झिस्टर जोडताना बॅटरीची आणि ध्रुवता असलेल्या कपॅसिटरची दिशा उलटावी लागते. ही एक गोष्ट विसरल्याने पहिला प्रयत्न अनेकदा फसतो.

परिपथ आधी ब्रेडबोर्डवर जोडून ऐकावा. स्वर मनासारखा आला की मगच सोल्डरिंग करावे. सोल्डरिंगची इस्त्री आधी सांध्याला टेकवून तो तापू द्यावा आणि मग सोल्डर वितळवावे. थंड सांध्यावर ठिपका टाकल्यास ‘ड्राय सोल्डर’ राहते आणि पेडल मधूनच मुके होते. काम हवेशीर जागी करावे, नंतर हात धुवावेत. ऊर्जेसाठी नऊ व्होल्टची बॅटरीच वापरावी. घरातील वीज थेट या पेटीत कधीही आणू नये.

पेटी सहसा ओतीव अ‍ॅल्युमिनियमची असते. ती घरातील तारांमधून येणारी पन्नास हर्ट्झची गुणगुण बाहेर रोखते. म्हणून रंगकाम करताना आतील बाजू आणि सॉकेटला टेकणारी जागा कोरी ठेवावी. तेथे रंग चढला तर धातूचा संपर्क तुटतो आणि गुणगुण परत येते. आधी सर्व छिद्रे पाडावीत, मग पॉलिश पेपरने घासून, तेलकटपणा धुऊन, प्रायमर आणि रंगाचे पातळ थर द्यावेत. पावसाळ्यातील दमट हवेत लॅकर पांढुरके पडते, त्यामुळे कोरडे दिवस निवडावेत.

सजावटीला सीमा नाही. अमेरिकेतील ‘झी. व्हेक्स’ कंपनीची हाताने रंगविलेली पेडल्स संग्राहकांना प्रिय आहेत. घरी चित्र काढून वर पारदर्शक वार्निश देता येते किंवा पाण्यात भिजवून चिकटविण्याच्या डेकल कागदावर नक्षी छापता येते. फेरिक क्लोराइडने धातू कोरण्याची पद्धतही आहे. परंतु अ‍ॅल्युमिनियमवर ते जोरात उकळते, म्हणून हे काम अनुभवी हातांवरच सोपवावे. सजावटीला उपयोगही आहे. काळोख्या मंचावर ठळक रंगामुळेच आपले पेडल ओळखू येते आणि कोणते नियंत्रण कशाचे हे कळते.

आज अनेक तयार पेडल्समधील भाग इतके सूक्ष्म असतात की बिघडल्यावर सामान्य दुरुस्तीकार त्यांना हात लावत नाही. समुद्रकाठच्या खारट हवेत सॉकेटचे संपर्क गंजतात. अशा वेळी घडविणाऱ्याला कोणता स्क्रू काढायचा हे ठाऊक असते. उद्या पेटी दुसऱ्याच्या हाती गेली तर त्यालाही ते कळावे, यासाठी झाकण लावण्यापूर्वी परिपथाचा नकाशा, भागांची मूल्ये आणि तारीख कागदावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावी.