रस्ता पुसणारा पोकलेन

पोकलेन दिसला की तुम्ही थांबून बघत राहता ना? मीही राहतो. आपल्याला वाटतं, त्याचं काम म्हणजे खणायचं आणि रस्ता करायचा. पण अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठाजवळ रेडवुड नॅशनल पार्क नावाचं जंगल आहे. तिथे पोकलेन उलटा उद्योग करतो. केलेला रस्ता पुसून टाकतो!

वेडेपणा वाटतो? थांबा जरा.

रेडवुड ही जगातली सर्वांत उंच झाडं. इथलं एक झाड तर ११५ मीटरहून उंच आहे, म्हणजे पस्तीस मजल्यांच्या इमारतीएवढं! ही झाडं तोडून न्यायला कंपन्यांनी डोंगरउतारांवर शेकडो किलोमीटर कच्चे रस्ते काढले. १९७८ मध्ये सरकारने त्यातली बरीच जमीन पार्कला जोडली. ट्रक गेले, रस्ते मात्र राहिले.

राहिले तर राहू देत की, गवत उगवेल! पण तसं होत नाही. डोंगरात रस्ता काढताना वरच्या अंगाचा लचका तोडतात आणि तीच माती खालच्या अंगाला टाकून सपाटी करतात. वाटेत ओढा आला की खाली नळ टाकायचा, वर भराव. झाली मोरी! आता साफ करायला कुणी नसेल, तर तिच्यात फांद्या अडकतात. तिथे धो धो पाऊस हिवाळ्यात पडतो. पाणी तुंबतं, रस्त्यावर चढतं आणि एके दिवशी भरावच घेऊन खाली येतं. सगळी माती ओढ्यात! तिथे सामन मासे तळच्या खड्यांमध्ये अंडी घालतात. अंड्यांना वाहत्या पाण्यातला ऑक्सिजन लागतो. वर गाळ बसला की ती गुदमरतात.

म्हणून पोकलेन खालची माती उपसून वरच्या कापलेल्या अंगाला परत लावतो. पण किती खणायचं? इथली गंमत मला फार आवडते. खणता खणता मातीचा रंग बदलून काळसर होतो आणि जुन्या झाडांचे बुंधे दिसू लागतात, जागच्या जागी, मुळं रोवून. हीच रस्त्याआधीची जमीन! आता आणखी खणायचं नाही. मोरी काढून ओढ्याला त्याची वाट देतात, उघड्या मातीवर ओंडके नि फांद्या पसरतात. बाकीचं काम झाडं करतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत सुमारे ६ लाख किलोमीटर रस्ते आहेत. चंद्रसुद्धा एवढा लांब नाही! सगळे काही उखडायचे नाहीत. वणवा विझवायला, लोकांना फिरायला रस्ते लागतातच. नको असलेले तेवढे काढायचे. आयडाहो राज्यात १९९५-९६ च्या हिवाळ्यात शेकडो दरडी कोसळल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त रस्त्यांपायी. तिथे वनखात्याबरोबर हे काम करायला नेझ पर्स आदिवासी पुढे आले. ते पिढ्यानपिढ्या सामन खात आले आहेत, आणि त्यांचा सामन याच ओढ्यांत जन्मतो.