कागद मागणारा एजंट

घर विकायचं ठरलं की ही बातमी नातेवाइकांच्या आधी सोसायटीच्या वॉचमनला कळते आणि त्याच्याकडून एजंटांना. वडिलांच्या पश्चात कोथरूडमधला फ्लॅट विकायला काढला तेव्हा आमच्याकडेही तसंच झालं, दिवसभर फोन खणखणू लागले. फोनवर काहीच ठरवायचं नाही, असं आम्ही भावंडांनी पक्कं केलं. ज्याला काम हवं त्यानं घरी यावं, घर बघावं, आईशी बोलावं. एजंट घर कसं बघतो ते बघण्यासारखं असतं.

बहुतेक जण हॉलमध्येच उभे राहायचे. गॅलरीत एक नजर टाकायची, हॉलचा फोटो काढायचा आणि म्हणायचं, "काकू, अजिबात काळजी करू नका, एक दहा आरामात येतील." एक दहा म्हणजे एक कोटी दहा लाख. फ्लॅटचा कार्पेट एरिया किती, करारनामा कधीचा, यातलं काही न विचारता! आकडा ऐकून आईचा चेहरा खुलायचा. हा आकडा गिऱ्हाइकासाठी नसतोच, तो मालकासाठी असतो. त्याच्या जोरावर 'एक्सक्लुझिव्ह'वर सही घेतली जाते, म्हणजे ठरावीक मुदतीत घर दुसऱ्या कुणाकडे द्यायचं नाही. मग महिना-दीड महिना शांतता, आणि नंतर फोन: "मार्केट थंड आहे, थोडं खाली यावं लागेल." आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या घराचं असंच झालं होतं. बराच काळ पडून राहिलेल्या घराबद्दल घेणाऱ्याच्या मनात शंका येते, आणि तो आणखी पाडून मागतो.

एकानं विचारलं, "तुमच्या हातात नेट किती हवेत तेवढं सांगा, वरचं मी बघतो." हे वाक्य कानावर पडलं की तिथेच नमस्कार करावा. मालकाला ठरलेली रक्कम द्यायची आणि वर मिळेल ते स्वतः ठेवायचं, असा हा व्यवहार. घेणाऱ्यानं खरोखर किती मोजले, हे मालकाला शेवटपर्यंत कळू न देण्यातच त्याचा फायदा असतो.

टक्केवारीवर काम करणाऱ्याचं गणितही समजून घेतलेलं बरं. पुण्यात दलाली साधारण एक ते दोन टक्के, आणि ती दोन्ही बाजूंकडून घेतली जाते. दोन टक्क्यांनी नव्वद लाखांवर एक लाख ऐंशी हजार, पंचाण्णववर एक लाख नव्वद. आपल्यासाठी फरक पाच लाखांचा, एजंटसाठी फक्त दहा हजारांचा. तेवढ्यासाठी तो आणखी दोन महिने का थांबेल? स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या सुमारे लाखभर घरविक्रींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. एजंट स्वतःचं घर विकताना इतरांच्या घरांपेक्षा काही दिवस जास्त थांबतात आणि साडेतीन टक्क्यांहून थोडी जास्त किंमत मिळवतात, असं त्यात दिसलं. शिकागो दूर असलं तरी गणित कोथरूडमध्येही तेच आहे.

ज्यांना आम्ही काम दिलं, ते गृहस्थ आल्यावर आधी बाथरूममध्ये गेले. मान वर करून छताचे पोपडे बघितले, नळ सोडून पाण्याचा जोर बघितला, वरच्या मजल्यावरून गळती आहे का ते विचारलं. मग जेवणाच्या टेबलाशी बसले आणि चष्मा लावून म्हणाले, "काकू, फाइल दाखवता का?" मूळ करारनामा, इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, ज्यात किंमतही असते), शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, जुन्या गृहकर्जाचं बँकेचं पत्र, असा एकेक कागद त्यांनी शांतपणे वाचला. सोसायटीच्या नावे जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचं हस्तांतरण, झालंय का, हेही विचारलं.

"सर्टिफिकेटवर अजून काकांचंच नाव आहे," ते म्हणाले. "काकू नॉमिनी आहेत, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तुम्हा दोघा भावंडांची हक्कसोडपत्रं आधी काकूंच्या नावे नोंदवून घ्या. नाहीतर घेणाऱ्याचं कर्ज बँकेत अडकेल आणि टोकन परत करायची वेळ येईल." पार्किंगचा उल्लेख करारात नाही, फक्त सोसायटीचं वाटपपत्र आहे, हेही त्यांनीच दाखवलं. यातलं काहीच न बोलता ते आमची सही घेऊ शकले असते.

किंमत विचारल्यावर त्यांनी पिशवीतून आमच्याच गल्लीतल्या अलीकडच्या विक्रींचे इंडेक्स टू काढले. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर हे कुणालाही बघता येतात, आम्हीही नंतर बघितले. ते म्हणाले, "पंचाण्णव सांगू, नव्वदच्या वर नक्की जाईल." बहीण नाराज झाली, कारण एक दहा ऐकून झालं होतं. पण बाकीच्यांनी नुसता आकडा सांगितला होता, यांनी आकड्यामागचा कागद दाखवला. माझं मत तिथेच पक्कं झालं.

पुढे घर दाखवताना त्यांची शिस्त दिसली. गिऱ्हाईक यायच्या आधी येऊन खिडक्या उघडायच्या. कर्जाची पूर्वमंजुरी आहे का ते फोनवरच विचारायचं, नुसत्या बघ्यांना आणायचं नाही. एका घेणाऱ्यानं 'थोडी कॅश' सुचवली तेव्हा आम्ही बोलायच्या आत त्यांनीच नाही म्हटलं. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याविरुद्ध आहे आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला होतो, हे त्या माणसाला त्यांनी समजावून सांगितलं. सोसायटीला पंधरा दिवसांची नोटीस त्यांनीच तयार करून दिली. महापालिका हद्दीत हस्तांतरण शुल्क पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही, हे सांगणारं २००१ चं शासकीय परिपत्रकही त्यांच्या फाइलमध्ये होतं. घर ब्याण्णवला गेलं.

एजंटकडे महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी आहे का, हेही विचारावं. कायद्याची सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीपुरती आहे आणि जुन्या इमारतीतली पुनर्विक्री बहुधा तिच्याबाहेर राहते. तरीही नोंदणी असलेल्या माणसाचा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि हा फायदा लहान नाही.

तुम्ही घर विकणार असाल तर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर घ्या: दलाली किती टक्के आणि जीएसटी धरून की वेगळा, ती साठेखताच्या वेळी द्यायची की खरेदीखताच्या, आणि एजंट घेणाऱ्याकडूनही पैसे घेणार आहे का. जो हे लिहून द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्या हाती घराची किल्ली देऊ नका.